दोनदा विचारणारा विलास

विलास कोणाच्याही घरी गेला का पहिले मडक्यात पाह्यते. माणसाले रामराम मंग. मडकं रिकामं असो, पाण्याचं असो, नाईतर चुलीमागं उलटं ठेवलेलं असो, तो उचलणार, आत डोकावणार आणि होतं तिथीच हळूच ठेवणार. एका लग्नात त्यानं मांडवातल्या मडक्यात डोकं घातलं, त नवरीच्या मामानं त्याची कॉलर धरली. मामाले वाटलं, हा मोहाची दारू शोधून राह्यला. मीच मधात पडलो. म्हणलं, "सोडा जी. तो पेत नाई. तो खेळते."

खेळते म्हणजे टीव्हीवरचा खेळ. माणूस पंचेचाळीसच्या वरचा, डोक्यावर केस चार, ब्रह्मपुरीच्या स्टँडजवळ झेरॉक्सचं आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान. आणि रोज संध्याकाळी माझ्या घरासमोरच्या त्याच्या घराच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, बसून तलवारवाल्या पोराले डोंगर चढवते. लग्न केलं नाई. माय गेल्यापासून घरात तो आणि टीव्ही. मी चवथी पास आहो. मास्तरनं दया केली म्हणून नाई, माझ्या अकलेनं. म्हणून जे डोळ्यानं पाह्यलं तेवढंच लिहून राह्यलो.

हा खेळ एक नाई. वीस-पंचवीस वर्षांपासून त्याचे भाग निघून राह्यले आणि विलासनं एकबी सोडला नाई. सगळ्याईत तोच पोरगा. तेच मडके, आत पाह्यलं का काही ना काही निघतेच. आणि दर भागात एक नदी, नदीवर एक म्हातारा नावाडी. त्याले एकदा विचारलं का म्हणते, "आज पाणी जास्त आहे." दुसऱ्यांदा विचारलं का डोंग्यात बसवून घेते. विलास म्हणते, त्या खेळातली सारीच माणसं तशी. पहिल्यांदा वरचं सांगतात, दुसऱ्यांदा खरं.

हे त्यानं गावातबी लावलं. रोज सकाळी दुकानात जाताना माझ्या फाटकापाशी थांबते.

"कसे आहा भाऊ?"

"मस्त."

जात नाई. तिथीच उभा.

"कसे आहा भाऊ?"

"आत्ताच सांगतलो ना गा!"

"दुसऱ्यांदा विचारून राह्यलो जी."

एकदा सरपंचाले विचारलं, "नळाले पाणी येते का जी?" सरपंच म्हणे, "येते." परत विचारलं. सरपंच म्हणे, "तुह्या बापाचं काय जाते बे?" विलास खुश. मले म्हणे, "पाहा भाऊ, निघालं का नाई खरं?"

मागच्या साली बातमी आली का खेळाचा नवीन भाग येऊन राह्यला आणि त्यात सारं बदलणार. पोरगा पहिल्या दिवसापासून उडणार. कुठीबी जाय, कसाबी जाय. नावाडी काढून टाकला.

विलासचं जेवण सुटलं. हा खेळ खेळणारे लोक साऱ्या दुनियेत आहेत, ते फोनवर लिहून भांडतात. तो मले त्याईचं वाचून दाखवे. ब्राझीलचा एक दाढीवाला म्हणे, तेच ते, तेच ते, आम्ही कटाळलो. जपानची एक बाई म्हणे, नदी लागली का थांबा, नावाड्याच्या हातापाया पडा, कायले टाईम खराब करायचा? विलास त्याईले इंग्रजीत लिहे आणि वरून आपल्या बोलीत ओरडे, "अबे, नदी लागली का थांबाच लागते! थांबलं नाई त नदी कायची?"

मंग एका दिवशी मले म्हणे, "भाऊ, तुम्ही सांगा. तुम्ही त खरे नावाडी."

हे खरं होय. वैनगंगेवर तीस वर्षं मी डोंगा चालवला. माझा बाप चालवे, त्याचा बाप चालवे. मंग पूल झाला.

मी म्हणलं, "काढला त बरं झालं. पूल झाला, दहा मिनटात माणूस पार होते. बिमार माणूस दवाखान्यात पोचते. म्हाताऱ्याचं काय काम? मी पुलाच्या बाजूनं आहो."

तो पाह्यतच राह्यला. मंग दुसऱ्यांदा विचारलं. मी दुसऱ्यांदाबी तेच सांगितलं. माझ्या तोंडून निघालेली गोष्ट मी फिरवत नाई, मंग ती चुकीची असली तरी.

मंग महिनाभर हेच. मी रोज त्याच्या सपरीत जाऊन ब्राझीलवाल्याची बाजू घेऊ. "घरातच दुश्मन," विलास म्हणे. पण माणूस इमानदार. माझं म्हणणं जसंच्या तसं त्या लोकाईले लिहून कळवलं: आमच्या गावचा खरा नावाडी म्हणते, काढा. झालं! माझ्या बाजूचे लोक नाचले. लाल बदामाईची रांग लागली. विलासनं ते सारं मले दाखवलं आणि दोन दिवस बोलला नाई. पण दोन्ही सकाळी फाटकापाशी येऊन दोनदा "कसे आहा" विचारलं, मान खाली घालून.

मंग तो भाग आला. आठ दिवसांनी मी गेलो, त टीव्हीवर पोरगा नदीकाठी उभा. बाजूला रिकामा डोंगा बांधलेला. माणूस कोणी नाई.

"उडवत काऊन नाई गा?"

"उडवतो जी. आज नाई."

"कवापासून उभा आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

मले हासू आलं. मंग माझी नजर त्या डोंग्याच्या दोराकडे गेली. "अबे, हा कोणी बांधला? इतका आखूड दोर! पाणी उतरलं का डोंगा लटकेल ना वर!"

विलास म्हणे, "नावाडीच काढला त बांधणार कोण?"

मी जवळ सरकून तो दोर पाह्यला.

जरा वेळानं तो म्हणे, "भाऊ, कॉलेजात होतो तवा संध्याकाळी मी पलीकडच्या काठावरून हाक मारू. तुम्ही इकडे आपल्या गावाच्या काठी बसून राह्यचे. पण एका हाकेत कधी उठले नाई."

"कसा उठू? पहिली हाक वाऱ्याची राह्यते, नाईतर चकव्याची. दुसरी आली का समजाचं, माणूस आहे. मंगच बांबू उचलाचा. माझ्या बापानं सांगितलेला कायदा होय तो."

"मायले माहीत होतं. म्हणे, दोनदा मार बाबू, तो येते. तुम्ही आले नाई असा एक दिवस नाई गेला भाऊ."

मंग टीव्हीकडेच पाहून त्यानं विचारलं, "नावाडी काढला ते बरं झालं का जी?"

"बरं झालं."

मी वाट पाह्यली. मले माहीत होतं तो काय करणार.

"बरं झालं का जी?"

"पूल चांगला आहे गा," मी म्हणलं. "पण पूल झाला तवापासून मले कोणी हाक मारली नाई."

विलासनं हातातलं यंत्र खाली ठेवलं. "मी मारतो ना जी. रोज सकाळी. दोनदा."

इतके साल मी त्याले भुसकट डोक्याचा समजू. उठताना एवढंच म्हणलं, "उडव आता त्याले. पोराले कायले ताटकळत ठेवतं?" त्यानं उडवलं. वरून नदी मोठी सुंदर दिसत होती, हे मले कबूल करा लागते.

आता दर रविवारी तो आमच्या घरी सुनेच्या हातचं जेवते. आला का पहिले कोपऱ्यातल्या मडक्यात पाह्यते. मी त्यात तलावातले उकडलेले शिंगाडे ठेवतो. मडक्यात काहीतरी निघालं पाह्यजे माणसाले.

पहिल्या रविवारी त्यानं विचारलं, "भाऊ, हे कोणी ठेवले जी?"

मी म्हणलं, "मले काय माहीत? सुनेले विचार."

दुसऱ्यांदा त्यानं अजून विचारलं नाई. मी वाट पाहून राह्यलो.