रॉकेट आणि पुढचा खांदा

कुत्रा पाळायचा की नाही, हा प्रश्न नव्हताच. प्रश्न होता, कुठल्या जातीचा. तो सोडवायला मला दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत वेळ लागला, आणि याचं आमच्या घरात कोणालाही आश्चर्य वाटलं नाही. (लग्नाच्या वेळी मुलगी पसंत आहे एवढं कळवायला मी इतके दिवस घेतले होते, की शेवटी मुलीकडूनच निरोप आला, 'आमची पसंती आहे, तुमचं चालू द्या.')

कुत्रा हवा होता धावायला. म्हणजे धावायचं मीच, त्याने नुसती सोबत करायची. आणि वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मला धावायची दुर्बुद्धी का झाली, हे कळायला थोडं मागच्या शिमग्यापर्यंत जावं लागेल.

आमची वाडी आंजर्ल्याच्या किनाऱ्याला लागून. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी घरोघर येते आणि प्रत्येक अंगणात ती खांद्यावर घेऊन नाचवतात. पुढच्या दांड्याचा मान आमच्या घराचा. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो एकतीस वर्षं सांभाळला. त्यांचे गुडघे गेले आणि खांदा माझ्याकडे आला. मागच्या वर्षी आमच्याच अंगणात, तिसऱ्या फेरीला, माझा श्वास संपला. पालखी कलली. माझा चुलतभाऊ निहार (दापोलीला जिमला जातो आणि दंडांचे फोटो रोज ग्रुपवर टाकतो) पुढे झाला आणि त्याने दांडा अलगद आपल्या खांद्यावर घेतला. पालखीच्या बाबतीत गंगारामकाका गावकरांचा शब्द शेवटचा. ते एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

आप्पा खुर्चीत बसून सगळं बघत होते. त्या दिवशी पुरणपोळीला त्यांनी हात लावला नाही. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मी मच्छीमार सोसायटीत क्लार्क आहे. पंख्याखाली बसून बर्फाची आणि डिझेलची टोकनं फाडतो. मासळीशी माझा संबंध थेट ताटातच येतो. बंदरावर जाते ती माझी बायको रुपाली. गेली वीस वर्षं ती रोज पहाटे डोक्यावर पाटी घेऊन लिलावाला जाते, आणि चांगला माल हातचा जाऊ नये म्हणून जवळजवळ पळतच जाते. मी ते अंथरुणात पडल्या पडल्या पावलांच्या आवाजावरून ओळखतो.

दिवाळीच्या तोंडावर खेडच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून सांगितलं, "धावायला लागा." मी दुसऱ्याच दिवशी लागलो. वाडीतली आठ कुत्री मला जन्मापासून ओळखतात, पण त्यांनी मला धावताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांना वाटलं मी काहीतरी चोरलंय. परत येताना मी खरोखर धावलो. अंगणात येऊन पायरीवर कोसळलो आणि तिथेच मला ते दिसलं, अगदी सिनेमासारखं. पहाटेचं धुकं, ओली वाळू, मी हळूहळू धावतोय आणि माझ्या शेजारी एक रुबाबदार, उंच, जातिवंत कुत्रा. वाडीतली आठही कुत्री बाजूला होऊन आम्हाला वाट देतायत.

त्या दिवसापासून मी धावणं थांबवलं आणि कुत्रा निवडायला लागलो.

पहिल्यांदा मनात भरला हस्की. निळे डोळे, लांडग्यासारखं तोंड. मोबाइलवर त्याचा फोटो बघता बघता सोसायटीच्या खिडकीतून मला किनारा पांढराशुभ्र दिसायला लागला. बर्फ पडतोय, सुरूच्या झाडांवर बर्फ, ओढून ठेवलेल्या होड्यांवर बर्फ, आणि मी मफलर बांधून धावतोय. (खिडकीबाहेर दोन खलाशी अर्धा तास टोकनासाठी उभे होते.) रुपालीला सांगितलं तर ती बांगडे साफ करता करता म्हणाली, "अवो, त्याला बरफ लागंल. सोसायटीचा बरफ मासळीलाच पुरत नाय."

मग डॉबरमन आला. त्याच्यासोबत मी काळा चष्मा लावून धावत असे. तो आठवडाभर टिकला. मग डाल्मेशियन, पांढऱ्यावर काळे ठिपके. त्याच्यासोबत धावताना मी का कोण जाणे, पण तरुण होतो आणि माझे केस वाऱ्यावर उडत. (केस आता नाहीत. पण स्वप्नात काटकसर कशाला?) मग ग्रेहाउंड. त्याचा फोटो आप्पांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून बघितला आणि म्हणाले, "आधी त्याला जेवायला घाला." मग घाटावरचा कारवानी. आप्पांचं म्हणणं, घाटावरचा माणूस इथे दोन दिवसांत घामेघूम होतो, तर कुत्र्याचं काय.

असे सगळे कुत्रे मी फिरवून आणले. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपर्यंत गेलो, पायऱ्या चढलो, दर्शन घेऊन परत आलो, आणि हे सगळं खुर्चीत बसून. वजन दोन किलोंनी वाढलं. एकदा रुपाली म्हणाली, "तुम्ही जागे कधी असता तेवढा सांगा, म्हणजे तेव्हा बोलंन." मी तिला म्हटलं की निवड चुकून चालणार नाही, घराच्या मानाचा प्रश्न आहे. ती पाटी धुवायला गेली.

शेवटी कुत्र्यानेच मला निवडलं असं म्हणता येईल. खेडचा माझा शाळासोबती सागर कुटुंबासह बदलापूरला फ्लॅटमध्ये चालला होता. त्याचा लॅब्राडोर द्यायचा होता. "धावायला एक नंबर," तो फोनवर म्हणाला, "नावच रॉकेट आहे." मी डोळे मिटले. फोनचा आवाज लांब गेला आणि वाळूवरून रॉकेट माझ्याकडे झेपावत आला.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तो टेम्पोतून आला. दोघांनी त्याला उतरवलं. त्याने अंगणाला एक फेरी मारली, मला हुंगलं, आणि टेम्पोच्या सावलीत जाऊन आडवा झाला. टेम्पो निघाला तेव्हा ड्रायव्हरला खाली उतरून त्याला ओढून बाजूला करावं लागलं. आप्पा बराच वेळ त्याच्या पोटाकडे आणि मग माझ्या पोटाकडे बघत होते.

पुढचे आठ दिवस मी रोज पहाटे त्याला किनाऱ्यावर नेत होतो. मी वीस पावलं धावायचो. मागे वळून बघायचो तर तो बसलेला असायचा. मग मीही त्याच्याजवळ जाऊन बसायचो. सूर्य वर यायचा, खाडीतून होड्या बाहेर पडायच्या, दोघांनाही बरं वाटायचं. पण हाच रॉकेट रुपाली लिलावावरून पाटी घेऊन परतताना दिसली, की शेपूट वर करून तिच्या मागे वाडीच्या टोकापर्यंत धावत जायचा. पाटीतून पाणी ठिबकत असायचं आणि याचं नाक त्या ठिबकत्या पाण्यावर.

तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या दिवशी मी सुक्या बोंबलाचे मूठभर तुकडे करून बर्मुडाच्या मागच्या खिशात भरले.

रॉकेट धावला. शेजारून नाही, मागून, खिशाला नाक लावून. त्याच्या मागे वाडीतली आठ कुत्री. मी थांबलो असतो तर बर्मुडा गेली असती, म्हणून थांबलो नाही. पहिल्या दिवशी तुटक्या धक्क्यापर्यंत, आठवड्याने त्याच्या पुढे, महिन्याने पार टोकाच्या खडपापर्यंत, म्हणजे पाण्यातल्या खडकांपर्यंत, जाऊन परत. श्वास लागेनासा झाला. कधी धुकं असलं की मी मागे न बघता धावायचो. मग पुढे फक्त वाळू, पाणी आणि मी, आणि मागे पावलांचा मऊ आवाज. दिवाळीपासून बघितलेलं स्वप्न हेच होतं. त्यात थोडा बोंबलाचा वास होता, एवढंच.

एका सकाळी मी परत आलो तर आप्पा अंगणाच्या दगडी गडग्याशी काठी टेकून उभे होते. त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो माझ्या हाती देत म्हणाले, "श्वास बरा चाललाय." मी पाणी प्यायलो आणि तोंड फिरवलं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि आप्पांना ते आवडत नाही.

शिमगा आला. आमच्या वाडीची एक रीत आहे. वाडी जगते मासळीवर, पण पालखीचे पाच दिवस खांदेकऱ्यांच्या घरात पाळ असते. मासळी खायची नाही, विकायची नाही, घरात ठेवायची नाही. रुपालीने चुली सारवल्या, पाट्या घासून उलट्या घातल्या, सुक्या मासळीचे डबे शेजारच्या वाडीत बहिणीकडे पोचवले. घरातला एकूण एक कपडा धुवायला काढला. मला विचारलं, "सगले कपडे दिलाव?" मी हो म्हटलं.

एक दिला नव्हता. ती बर्मुडा. ती माझी लकी बर्मुडा होती. दोन महिने तिच्यातच माझा दम वाढला होता, आणि धुतली तर तो दम पाण्याबरोबर जाईल अशी मला भीती वाटली. (हे आता लिहिताना कसं दिसतं ते मला कळतं. तेव्हा अगदी शास्त्रशुद्ध वाटलं होतं.) पालखीच्या दिवशी धोतराच्या आत मी तीच घातली. नऊ कुत्री आणि मी, असे दहा जण एकाच वासावर दोन महिने धावत होतो. मला तो येणं केव्हाच बंद झालं होतं.

पालखी अंगणात आली. आप्पांनी माझ्या डोक्याला फेटा बांधला. ढोल सुरू झाले. मी खांदा दिला. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. तिसरी मागे पडली आणि श्वास शांत होता. निहार कडेला तयारीत उभा होता, तो हळूहळू दोन पावलं मागे गेला. चौथ्या फेरीला मला पाय जमिनीवर आहेत की नाहीत हेच कळेना. गुलाल धुक्यासारखा, ढोल लाटांसारखा, आणि मी खडपापर्यंत चाललोय. आता फक्त ती मागची मऊ पावलं तेवढी हवीत, असं मनात आलं.

आणि ती आली. परसात बांधलेला रॉकेट खुंटीसकट सुटून आला होता. गर्दीतून वाट काढत त्याने थेट माझ्या धोतरात नाक खुपसलं. मला वाटलं, मुक्या जनावराचं प्रेम. मागोमाग आठही कुत्री आली आणि ओळीने माझ्या मागे फेर धरू लागली. एका म्हातारीने तर देवीचा कौल समजून हात जोडले.

गंगारामकाकांनी हात वर केला. ढोल थांबले. शांततेत रॉकेटने धोतराची गाठ सोडवली, बर्मुडाचा खिसा फाडला आणि एक तुकडा बाहेर काढला. इतर कुठल्या गावात हा प्रसंग लाकडाचा तुकडा म्हणून निभावला असता. पण आमच्या अंगणात जन्मभर मासळीत वावरलेली दोनशे नाकं होती. "बोंबील," कोणीतरी म्हणालं. "औंदाचा नाय, गेल्या सालचा," दुसरा म्हणाला. तिसऱ्याने वास घेऊन सांगितलं की वाळवण रुपालीचंच आहे, मीठ तिच्याच हातचं.

मला खांद्यावरून दांडा सोडावा लागला. मी एका हाताने धोतर धरून उभा राहिलो. आप्पांकडे बघायची हिंमत नव्हती. निहारने खांदा पुढे केला.

"थांब," गंगारामकाका म्हणाले. "मान घराचा हाय. ह्याच्या घरात दुसरा कोन हाय?"

 खुर्चीतून आप्पांचा आवाज आला, "माजी सून हाय."

गर्दीत कुजबुज झाली. एकाने बाईमाणूस म्हणून हरकत घेतली. गंगारामकाकांनी पालखीकडे बोट केलं आणि म्हणाले, "आत बसलीय ती कोन हाय मग?" त्यांनी रुपालीला जवळ बोलावलं, तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि माझ्याकडे वळले. "वीस वर्सा ही मासळीत हाय, आन् आज हिच्या अंगाला वास नाय. तू पंख्याखाली बसतंस, आन् आख्खा बंदर कमरेला बांधून फिरतंस."

आप्पा उठले, माझ्या डोक्यावरचा फेटा काढून त्यांनी सुनेला बांधला. रुपालीने पदर खोचला आणि खांदा दिला. वीस वर्षं पाटी घेऊन पळालेली ती मान आणि ते पाय. एक, दोन, पाच, सात फेऱ्या. मागचे दोघे दमून बदलले, ती बदलली नाही. सातव्या फेरीला आप्पा रडत होते आणि ते लपवतही नव्हते. मीही रडलो. मान घरातच राहिला होता, आणि इतकी देखणी बायको गेली वीस वर्षं मी अंथरुणात पडून नुसती ऐकत होतो.

शिमग्यानंतर वाडीची सभा झाली. पुढचा खांदा रुपालीकडे कायम झाला, टाळ्या पडल्या. मग गंगारामकाकांनी दुसरा विषय काढला. यापुढे पालखी येईल तेव्हा रॉकेटला घट्ट बांधून ठेवायचं. मी उभा राहून सगळ्यांच्या आधी अनुमोदन दिलं, झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरीही व्यक्त केली.

"पन खुंटीला नाय, खुंटी उपटतो तो," रुपाली मागून म्हणाली. "ह्यांच्याच कमरेला बांधा. दोघा पन परसात राहतील."

ठराव एकमताने मंजूर झाला. वाडीत क्लार्क मी एकटाच असल्यामुळे तो वहीत सुवाच्य अक्षरात मीच लिहिला.