दाराबाहेरचा श्वास

बाळाचा डोळा लागला आणि तिने ठरवलं, आज घाबरायचं नाही म्हणजे नाही.

दवाखान्यातल्या नर्सताईंनी बजावलं होतं, "सारखं बाळाच्या नाकाखाली बोट धरत बसू नका. छातीत धडधडलं की जरा मोकळ्या हवेत उभ्या राहा. हळू श्वास सोडा. काय दिसतंय, हाताला काय लागतंय, ते एकेक बोला." (बोट तिने केव्हाच बंद केलं होतं. आता ती आरसा धरायची. आरशाला त्यांनी कुठे मनाई केली होती?)

गॅस बंद आहे ना, हे पुन्हा पुन्हा बघून ती जिन्यात आली. श्वास आत घेतला. तो सोडणार, तोच वाऱ्याने धाडकन दार लागलं. लॅचचं दार! बाळ आत, आई बाहेर.

तिने दाराला कान लावला. आवाज नाही. (रडलं असतं तरी तिचा जीव गेला असता; रडत नव्हतं म्हणूनही जातच होता.) बाळाभोवती तिनेच उशा रचल्या होत्या, ते पडू नये म्हणून. आता तिला त्या उशांचीच भीती वाटू लागली. एखादी तोंडावर पडली तर?

तेवढ्यात सासूबाई भाजीची पिशवी घेऊन वर आल्या.

"आई, दार फोडा! बाळ आत आहे!"

"या गुडघ्यांनी फोडू? किल्ली कुठंय?"

"आत! सगळं आतच आहे हो!"

"आधी बस खाली. नर्सबाईंचं ते रोज माझ्यापुढे घोकतेस ना? बोल, काय दिसतंय?"

"दार."

"आणखी?"

"बंद दार!"

"बरं, हाताला काय लागतंय?"

ती हुंदके देत चाचपू लागली. "पायरी... गार आहे. माझी बाही... ओली. गळा... दोरी..."

तिने दोरी ओढून वर काढली. दोरीला किल्ली होती. कधी बाहेर अडकलो तर काय, या धास्तीने तिनेच ती गळ्यात बांधली होती. अंघोळीलासुद्धा काढत नव्हती.

दार उघडून ती आत धावली. बाळ मुठी आवळून गाढ झोपलं होतं. तिने आरसा धरला. आरशावर वाफ आली. तेव्हा कुठे ती खाली बसली आणि मघापासून अडकलेला श्वास हळूच सोडला, अगदी नर्सताईंनी सांगितला तसा.

इतक्यात दार धडाधडा वाजलं. ती ताडकन उठली. "क-कोण आहे?"

"मी आहे, मी! माझ्या तोंडावर दार आपटून गेलीस. तुझा श्वास सोडून झाला असेल, तर मला आत घे!"