आत रुग्ण, पायरीवर गुन्हेगार

या, असे जवळ सरका. भिंतीला टेकलात तरी चालेल, पण मध्येच उठू नका. एक गोष्ट सांगतो. उभा जन्म कीर्तनकारांच्या पायाशी बसण्यात गेला, त्यामुळे खोड अशी जडली आहे की आधी सिद्धान्त सांगायचा आणि मग कथेला हात घालायचा.

सिद्धान्त असा: माणसाचं भलं दोघंच करू शकतात. एक देव आणि दुसरी समिती. देव वेळ लावतो. समितीही लावते, पण ती मधल्या वेळात चहा देते.

आमच्या गावात नशेचा प्रश्न हाताबाहेर गेला तेव्हा नगरपालिकेने तातडीने समिती नेमली. अध्यक्ष म्हणून निवृत्त न्यायाधीश, सदस्य म्हणून फौजदार, डॉक्टर, मुख्याध्यापिका आणि दारूच्या दुकानाचे मालक (विषयातले जाणकार). बैठका सर्वांना खुल्या होत्या. मी एकही चुकवली नाही. समितीपुढचा प्रश्न असा की नशेचा माल विकणाऱ्यालाच गुन्हेगार धरावं, की स्वतःपुरता घेणाऱ्यालाही.

कामाची सुरुवात व्याख्येपासून झाली, आणि ती अत्यंत कसोशीने झाली. नशा म्हणजे काय? तंबाखू वगळण्यात आली (अध्यक्षांच्या तोंडात ती असल्याने त्यांना या मुद्द्यावर बोलता आलं नाही, मौन ही संमती मानण्यात आली). दारू वगळण्यात आली, कारण तिच्या दुकानावर पाटी असते, आणि पाटी असलेली वस्तू वाईट असती तर पाटी लागली नसती. झोपेच्या गोळ्या मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतः उभं राहून वगळल्या. खोकल्याचं गोड औषध डॉक्टरांनी वगळलं, मात्र कारण सांगितलं नाही. उरली ती, जी दुसऱ्यांची मुलं घेतात. तीच नशा, असं एकमताने ठरलं. इतकी निर्मळ एकवाक्यता मी फक्त प्रार्थनेच्या शेवटच्या ओळीला ऐकली आहे.

पुढे मात्र मतभेद झाले.

“घेणारा आहे म्हणून विकणारा आहे,” फौजदार म्हणाले. “दोघांनाही आत टाका. बाहेर प्रश्नच उरत नाही.”

“अहो, घेणारा आजारी असतो,” डॉक्टर म्हणाले. “कोठडीत टाकून कुणाचा ताप उतरलाय का?”

“आमच्याकडे भल्याभल्यांचा उतरतो.”

यावर अध्यक्षांनी जो तोडगा काढला तो ऐकून माझे डोळे भरून आले. सरकारी दवाखान्याच्या मागे एक खोली होती, आत एक लांब बाक. नशा सोडू पाहणाऱ्यांना तिथे रोज सकाळी सिस्टर औषध देत आणि आपल्यासमोरच प्यायला लावत. सबब असं ठरलं की सदर खोलीच्या आत घेणारा हा रुग्ण समजावा आणि खोलीच्या बाहेर गुन्हेगार. दोन्ही पक्षांचं समाधान झालं. राहता राहिली खोलीसमोरची दगडी पायरी. ती आत की बाहेर? खल झाला. पायरी नगरपालिकेच्या हद्दीत असल्याने ती बाहेर धरण्यात आली आणि तिथे एक हवालदार नेमण्यात आला. थोडक्यात, रुग्णाला खोलीत जाण्यास कोणतीही आडकाठी नव्हती. त्याने फक्त पायरी चढू नये.

आता कथा. आमच्या टेलरमास्तरांना एकच मुलगी. दुकानातलं काज-बटणाचं काम तिच्याकडे, म्हणून सगळा बाजार तिला बटण म्हणायचा. ती या मालाच्या नादी लागली तेव्हा तिचे हात थरथरायला लागले, आणि थरथरत्या हाताचं काज लपत नाही. मास्तर गिऱ्हाइकाला सांगायचे, “यंदा अशीच फॅशन आहे.” मग सिस्टरांचं औषध सुरू झालं. वर्ष उलटायच्या आत काजं सरळ झाली. माझ्या अंगातल्या या सदऱ्याची बटणं तिनेच लावलेली आहेत. ओढून बघा. नको, राहू द्या.

पायरीवर हवालदार आला त्या सकाळी मी शेजारच्या खिडकीवर कानाच्या थेंबांसाठी उभा होतो.

“कुठे निघालीस, बटण?” हवालदारांनी विचारलं. त्यांच्या गणवेशाची बटणंही तिनेच लावलेली होती.

“आत. बाकावर बसायला.”

“मग पायरी चढावी लागेल.”

“चढते की.”

“चढलीस की धरावं लागेल, पोरी.”

बटणाने पायरीकडे पाहिलं. “उडी मारून गेले तर?”

हवालदार मनाने भला माणूस. उडीबाबत आदेशात काहीच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. “वर विचारून सांगतो,” ते म्हणाले. (ही बाब अद्याप विचाराधीन आहे.)

बाक रिकामा पडला. समितीने त्याची दखल घेतली. पूर्वी त्या बाकावर बसायला जागा मिळत नसे, आता तिथे दवाखान्याचं मांजर पाय पसरून झोपत होतं. सबब गावातल्या नशेत शंभर टक्के घट झाल्याचं जाहीर करण्यात आलं. रिकाम्या बाकाचा फोटो वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आला (मांजर उठवून). एस्टी स्टॅंडमागे एक माणूस माल विकत असे, तो विकतच होता. पण त्याच्याकडे बाक नव्हता. त्यामुळे त्याच्याकडे किती जण येतात हे मोजण्याचं शास्त्रीय साधन उपलब्ध नव्हतं, आणि जे मोजता येत नाही ते शून्य धरावं, असा आकडेवारीतला संकेत आहे म्हणतात.

सिस्टरांना मात्र संकेतांचं वावडं. त्यांनी खोलीची मागची खिडकी उघडली आणि गजांतून औषध द्यायला सुरुवात केली. “खिडकीला पायरी नसते,” त्या म्हणाल्या. बटण रोज खिडकीशी जायची, तिथेच औषध प्यायची आणि दुकानात येऊन कामाला बसायची. महिनाभर हे सुरळीत चाललं, आणि जे सुरळीत चालतं ते समितीच्या कानावर जातंच.

पुन्हा बैठक झाली. तर्क अगदी स्वच्छ होता. खिडकीबाहेर उभी असलेली व्यक्ती खोलीबाहेर आहे. खोलीबाहेरची व्यक्ती गुन्हेगार आहे. गुन्हेगाराला जी बाई खिडकीतून पुडीबाटली देते, तिला व्यवहारात काय म्हणतात? फौजदारांनी शब्द सुचवला: विक्रेती. डॉक्टर म्हणाले, “अहो, पण ते औषध आहे, मीच लिहून देतो.” तेव्हा त्यांना कोपऱ्यात नेऊन समजावण्यात आलं की मग पुरवठादार कोण ठरतो. डॉक्टरांना लगेच पटलं. सिस्टरांना निलंबित केलं, खिडकी विटांनी बुजवली, आणि गावात आजवर पकडला गेलेला पहिला विक्रेता म्हणून सिस्टरांची नोंद झाली. दारूच्या दुकानाच्या मालकांनी त्या संध्याकाळी सदस्यांना आपल्या घरी बोलावून आनंद साजरा केला.

पुढच्या आठवड्यात मी दुकानात गेलो. बटण सुईत दोरा ओवत होती. ओवतच होती.

“काका, तुमचा सदरा उशिरा मिळेल,” ती म्हणाली.

“यंदा फॅशन बदलली वाटतं,” मी म्हणालो. ती हसली. मास्तर हसले नाहीत.

सोमवारी सकाळी ती एस्टी स्टॅंडमागे पडलेली सापडली. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. मुठीत दोन पुड्या होत्या. एक फोडलेली, एक तशीच.

समितीने कामाला विलंब लावला नाही, त्याच दिवशी दवाखान्याच्या माडीवर बैठक भरवली, हे मान्य केलं पाहिजे. प्रश्न प्रक्रियेचा होता. घेणारी असेल तर देह दवाखान्यातून वडिलांच्या ताब्यात द्यायचा आणि समितीने उभं राहून श्रद्धांजली वाहायची. विकणारी असेल तर देह पोलिसांकडे, चौकशी पुरी होईपर्यंत, आणि श्रद्धांजली बसूनच. सगळं अडलं दुसऱ्या पुडीपाशी. ती उद्यासाठी होती की दुसऱ्या कुणासाठी? फौजदार म्हणाले, दोन म्हणजे धंदा. डॉक्टर म्हणाले, दोन म्हणजे भूक. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, मुलगी शाळेत हुशार होती, आणि हा मुद्दा कोणत्या बाजूचा ते कुणालाच ठरवता आलं नाही.

मास्तर तोवर खोलीतल्या बाकावर येऊन बसले होते. पायरीवर त्यांना कुणी अडवलं नाही. गळ्यात टेप तशीच होती. हवालदारांनी नियमाप्रमाणे वर कळवलं, “बाकावर एक.” समितीत चलबिचल झाली, कारण शंभर टक्क्यांचा आकडा मोडत होता. अखेर अध्यक्ष स्वतः खाली आले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, “मास्तर, आकडेवारीची अडचण होतेय. जरा उभे राहता?”

मास्तर उभे राहिले. आपल्या लेकीसाठी सगळेच उभे राहतायत, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी मान खाली घातली आणि हात जोडले.

दुसऱ्या पुडीचा निर्णय अजून झालेला नाही. मास्तर रोज येतात, उभेच राहतात.

कथा संपली. तुम्ही शेवटपर्यंत उठला नाहीत, देव तुमचं भलं करो. फक्त एक पाहिलं मी. दोन पुड्या म्हणालो तेव्हा तुम्ही जरा पुढे सरकलात. दुसरी कुणासाठी होती, हे कळलं म्हणजे हळहळायचं की नाही ते ठरवू, असा तुमचा चेहरा होता. लाजू नका. समितीत एक जागा रिकामी आहे, मी तुमचं नाव सुचवून ठेवलं आहे.

बोलावणं येईपर्यंत बटणाची आठवण ठेवा. फार वेळ नको. सकाळी सदरा घालताना काजातून बटण सरकायला जेवढा लागतो, तेवढाच.