धाकटीपेक्षा कमी धोका

"माझा धोका कमी आणि धाकटीचा जास्त?" सासूबाईंनी लॅपटॉपवर बोट आपटलं. "तिच्या आधीपासून खोकतेय मी या घरात!"

मोजणी चालू असताना माणसांना त्यांचे आकडे दाखवायचे नसतात, हे सुनेला तेव्हा आठवलं.

गल्लीतले अवजड ट्रक बंद करायचे की नाही, हे नगरपालिकेची समिती आठवड्याभरात ठरवणार होती. धूर, ओल, गोंगाट, मोडलेली झोप, मनाचा ताण यांची नुसती बेरीज होत नाही, ती एकमेकांना फुगवतात आणि आजारपणाचा धोका वाढवतात, हे दाखवणारं संगणकावरचं प्रारूप सून बनवत होती. त्यासाठी सासूबाईंच्या आणि वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या धाकट्या जावेच्या मनगटावर पट्टे बांधले होते, खोल्यांत धूळ मोजणारी यंत्रं ठेवली होती.

सासूबाईंनी रस्त्याकडच्या खिडक्या सताड उघडल्या.

"आई, अहो, काय करताय?"

"येऊ दे धूर. बघू कोण पुढे जातं ते!"

आकडा जेमतेम हलला. वरून धाकट्या जाऊबाई ओरडल्या, "ताई, राहू द्या. तुमच्याच्यानं नाही व्हायचं!"

झालं. सासूबाईंनी धाकटीशी बोलणं टाकलं. जिन्यातल्या संध्याकाळच्या गप्पा बंद पडल्या. सुनेनं खिडक्या लावून घेतल्या, धूर पूर्वीइतका झाला. पण दोघींची झोप उडाली आणि दोन्ही आकडे लालभडक! सून खुर्चीतून उठलीच. तोच धूर आता कितीतरी जास्त बाधत होता!

समितीसमोर तिनं काही लपवलं नाही. "धूर तेवढाच आहे, साहेब. फक्त दोघी जावा बोलेनाशा झाल्यात."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "म्हणजे ट्रक नाही, अबोला हटवायला हवा?"

"अबोला या दोघींच्या हातात आहे, साहेब. ट्रक तुमच्या."

सभागृह हसलं. पुढच्या महिन्यापासून ट्रक बंद, असा ठरावही झाला.

"माझ्या आकड्यानं झालं हं," मागच्या रांगेत सासूबाई म्हणाल्या.

"तुमच्या? आधी लाल कोण झालं होतं?" शेजारून धाकट्या जाऊबाई उसळल्या.

घरी पोहोचेपर्यंत दोघी कडाकडा भांडत होत्या. सून धास्तावली. प्रारूपात 'भांडण' या चौकटीतून निघणारा बाण तिनं धोका वाढवणारा काढला होता.

सकाळी तिनं आकडे उघडले. बाहेर ट्रक नेहमीसारखेच धडधडत होते, पण दोघी रात्रभर गाढ झोपल्या होत्या आणि दोन्ही आकडे तळाला गेले होते. जिन्यात भांडणाचा दुसरा अंक रंगला होता.

सुनेनं मुकाट्यानं बाणावरचं अधिकचं चिन्ह खोडलं आणि उणे लिहिलं.