मावशीच्या कमरेतली हवा

हौसा मावशीनं चूल फुंकायचं सोडलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं की प्रकरण साधं नाही. एरवी फुंकणी घेऊन चुलीशी भांडायला बसणारी ही बाई आता जुन्या लग्नपत्रिकेनं वारा घालत होती. चहा फुंकून पीत नव्हती, बशीत ओतून निवायची वाट बघत होती. शिंक आली की दोन्ही हातांनी नाक दाबून धरायची, डोळे बाहेर यायची पाळी आली तरी सोडायची नाही. आणि सगळ्यात कहर म्हणजे बोलत नव्हती. जिचा आवाज बेडशाच्या लेण्यांपर्यंत जाऊन परत यायचा, ती ओठ मिटून नुसत्या खुणा करत होती.

काय झालं म्हणून विचारलं, तर तिनं ओठांची जेमतेम फट केली आणि म्हणाली, “हवा भरलीया. जाईल.”

मी कामशेतला एका शाळेत कारकून आहे आणि बेडशात माझं घर मावशीच्या घराला लागून आहे. मावशी म्हणजे माझी सख्खी मावशी नव्हे. ती अख्ख्या गावाची मावशी आहे, आणि गावानं तसा अर्ज कधीच केला नव्हता. कुणाच्या सुनेनं किती वाजता दार उघडलं, कुणाच्या म्हशीनं लाथ मारली, कुणाच्या पोराला पोलिसात घेतलं आणि का घेतलं, हे सगळं तिला त्या त्या घराच्या आधी कळायचं. बोलण्याची सुरुवात ठरलेली असायची: “माजं काय न्हाई, पर...” या ‘पर’नंतर समोरच्यानं खाली बसून घ्यावं हे उत्तम.

तर या मावशीची कंबर धरली. मणक्यामधली गादी सरकली आणि मावशी काटकोनात चालायला लागली. दुखण्याचं तिला फार काही वाटत नव्हतं, तिला चिंता होती लावणीची. सून म्हणून या गावात आल्यापासून तिची एकही भातलावणी चुकलेली नाही. खाचरात पहिली मूठ तिची पडते, मग बाकीच्या बाया उतरतात. एखादीची ओळ वाकडी गेली तर तिच्या माहेरापर्यंतचा उद्धार होतो. यंदा बांधावर बसून बघायचं म्हणजे मावशीच्या मते जिवंतपणी फोटोला हार घालून घेण्यासारखं होतं.

तिचा मुलगा चिंचवडला कंपनीत असतो. त्यानं मोबाइलवर शोधून लोणावळ्यातला ओझोनचा दवाखाना काढला, फोनवरून वेळ ठरवली आणि आईला न्यायचं काम माझ्या जुन्या चारचाकीच्या गळ्यात घातलं. दर शनिवारी शाळा सुटली की मी मावशीला घेऊन लोणावळ्याला.

दवाखाना चिक्कीच्या दुकानावर होता. त्यामुळे गूळ आणि औषध असा एकत्र वास घेत जिना चढायचा. दारावरच्या पाटीवर ओझोननं काय काय बरं होतं ते लिहिलेलं होतं. गुडघे, कंबर, अर्धशिशी, जुन्या जखमा, केस गळणं, थकवा, निरुत्साह. जागा उरली असती तर रखडलेली लग्नंही त्यात आली असती असं मला वाटलं. आत एक गृहस्थ दोन्ही पाय पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेपर वाचत बसले होते. पिशवी वर पट्टीनं घट्ट बांधलेली आणि एक बारीक नळी तिच्यात सोडलेली. मावशीनं त्यांच्याकडं नीट बघून घेतलं आणि मला विचारलं, “ह्यास्नी पार्सलनं कुटं धाडायचंय?”

डॉक्टर तरुण होता, हसतमुख होता. त्यानं समजावून सांगितलं की ऑक्सिजनमध्ये थोडा ओझोन मिसळून तो सुईनं कमरेच्या स्नायूंत सोडायचा. काहींना आराम पडतो, काहींना नाही, आणि फार आशा धरू नका. इतपत ठीक होतं. पण आजींना सोपं करून सांगावं म्हणून तो बोलून गेला, “आजी, तुमच्या मणक्यामधली गादी चपटी झालीय. टायरातली हवा गेल्यावर होतो ना टायर, तशी.” आणि वर म्हणाला, “आता आठवडाभर जपा. वाकू नका, ओझं उचलू नका, धक्का बसू देऊ नका.”

झालं. मावशीला सगळं कळलं. टायर तिला ठाऊक होता, पंक्चर ठाऊक होतं, आणि भरलेली हवा कुठनं ना कुठनं निसटते हेही ठाऊक होतं. माणसाला व्हॉल्व कुठं असतो, एवढंच काय ते तिनं मनाशी ठरवलं, आणि परत येताना गाडीत तिच्या तोंडाला कुलूप लागलं.

तेव्हापासून तिचं टायरांवर प्रेम बसलं. लोणावळ्याला निघायच्या आधी ती माझ्या गाडीच्या चारी चाकांवर काठीनं ठोकून बघायची आणि एक जरी मऊ वाटलं तरी कामशेतच्या पंपावर थांबायला लावायची. परतताना गतिरोधक दिसला की माझ्या खांद्यावर चापट. गाडी इतकी हळू न्यावी लागायची की हायवेवरचे ट्रकवाले कौतुकानं वळून बघायचे. कामशेतच्या बाजारात ती भाजीचा भाव खुणेनं करायला लागली. दोन बोटं दाखवायची, मान हलवायची, पाठ फिरवायची. भाजीवाला गोंधळून पूर्वीपेक्षा स्वस्त द्यायला लागला. हसायचं तर तिनं पूर्ण सोडलं होतं. हसण्यानं हवा भसाभस जाते, असं तिचं मत पडलं.

मी डॉक्टरला गाठून सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग ओशाळला. तो वायू अंगात विरून जातो, बोलण्याचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही, असं त्यानं सांगितलं. मी ते तसंच्या तसं मावशीला सांगितलं. तिनं फट केली. “भरनाऱ्याला काय ठावं? टायर कसा पळतोय त्ये बसनाऱ्याला कळतंय.”

आणि आराम पडायला लागला होता, ही खरी पंचाईत. काटकोनाची मावशी हळूहळू सरळ होत होती. ओझोननं म्हणा, किंवा गप्प बसायचं ठरल्यामुळे दिवसातनं पन्नासदा अंगणात धावायचं थांबलं त्यानं म्हणा. मी दुसऱ्या कारणावर पैज लावायला तयार होतो, पण मावशीशी पैज लावून जिंकलेला माणूस बेडशात अजून जन्मायचाय.

गावात मात्र आनंदीआनंद होता. सुना उशिरा उठायला लागल्या. मला कित्येक वर्षांनी रविवारी दुपारची झोप लागली. डॉक्टरचा सत्कार करावा असंही कुणीतरी पारावर सुचवलं.

या आनंदात एक माणूस नव्हतं. सगुणा काकी. मावशीची थोरली जाऊ.

दोघींच्या अंगणांमध्ये छातीएवढी भिंत आहे. वाटण्या झाल्या तेव्हा सासऱ्यानं शहाणपणा केला. थोरलीला पाटा दिला आणि धाकटीला वरवंटा, म्हणजे वाटण वाटायच्या निमित्तानं तरी दोघी एकत्र येतील. दोघींनी मिक्सर घेतले आणि बोलणं कायमचं बंद केलं. म्हणजे एकमेकींशी बंद केलं. मावशी तिच्या तांबड्या कोंबडीला बोलायची आणि ते भिंतीपलीकडं लागायचं. लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथं लेकीच्या जागी कोंबडी होती. “ए तांबडे, लोकाचं वाळवान भिजंल आता, आभाळ बघ कसं काळं झालंय, डोळं फुटल्यात का लोकाचं.” असं दिवसभर चालायचं.

डोळ्यांवरून बोलणं मला फार लागायचं, कारण काकीची दृष्टी काचबिंदूनं गेली आहे. वयानं माणूस सौम्य होतं म्हणतात, आणि ही बाई आंधळ्या जावेला जास्तच मोठ्यानं बोलायला लागली, असं मी घरात कितीदा म्हणालो असेन. काकी मात्र ओट्यावर बसून शांतपणे ऐकत राहायची. उलट उत्तर कधीच नाही.

काकीची नातसून कंपनीत जाते. जाताना भाकरीचा डबा काकीशेजारी ठेवते. मावशी गप्प झाल्यावर थोड्याच दिवसांत तो डबा संध्याकाळी तसाच मिळायला लागला. नातसून काळजीत पडली. मी विचारायला गेलो तर काकीनं माझा हात चाचपून धरला आणि हळूच विचारलं, “खरं सांग, हौसा हाय का गेली?”

मी म्हटलं, अगं काकी, आहे, धडधाकट आहे. तिला पटलं नाही. “मंग आवाज कसा न्हाई? मला मऊ काळजाची समजून लपवताय तुमी.” आणि मग म्हणाली, “दुपार झाली का न झाली त्ये कळंना मला. भाकर कवा खाऊ?”

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. मावशी रोज दुपारी कोंबडीला दाणे टाकताना ओरडायची, “दुपार झाली, गिळा आता!” कोंबड्यांना वेळ सांगून कुणी दाणे टाकतं का? आभाळ कसं दिसतं, रस्त्यानं कोण गेलं, त्यानं काय घातलं होतं, नातसून कुठल्या वळणावर आलीय. काकीला जे दिसत नव्हतं नेमकं तेच कोंबडीला सांगितलं जात होतं, शिव्यांत गुंडाळून. आणि मी शेजारी राहून इतकी वर्षं नुसत्या शिव्याच ऐकत बसलो होतो. मला माझी लाज वाटली.

त्या शनिवारी शेवटची सुई होती. डॉक्टर मावशीवर खूश होता. म्हणाला, अशीच काळजी घेतली तर हलक्या हातानं लावणीत उतरायला हरकत नाही. मावशीचा चेहरा असा उजळला की ती हसेल की काय अशी मला भीती वाटली. परतताना मी गाडीत तिला काकीचं सगळं सांगितलं, तो न उघडलेला डबाही सांगितला. कामशेत आलं, गेलं. मग फट उघडली. “लावनी झाली की बोलीन.”

घरी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. पलीकडं काकी ओट्यावर, शेजारी डबा. गाडीचं दार वाजलं तशी काकीनं मान वळवली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं भिंतीकडं तोंड करून कोंबडीला हाक मारली.

“तांबडे, तुजी मालकीन मेली का गं? तू तरी सांग. कुनी सांगंना मला.”

मावशी अंगणात जागच्या जागी थांबली. एक हात कमरेवर गेला. ओठ घट्ट मिटलेले, गाल फुगलेले. शिंक दाबायची ना, तसंच ती काहीतरी दाबत होती. मग ते सुटलं.

“ए तांबडे! मरतील माजं दुश्मन! मी का मरू?” आणि पुढं जे सुरू झालं त्याला खंड नव्हता. सरपंचाच्या म्हशीला रेडी झाली, कपाळावर चांदणी हाय. शाळेचा पत्रा उडाला, निळा नवा घातलाय. खालच्या आळीतल्या पोरीला सोमाटण्याला नोकरी लागली, ड्रेस घालून जाते. रोप वीतभर वर आलंय, पोपटी दिसतंय, लेण्याच्या अंगाला आभाळ भरून आलंय, लोकांनी गोवऱ्या आत घ्याव्यात. तुंबलेल्या सगळ्या बातम्या एका दमात बाहेर आल्या. आणि शेवटी, “डब्यात भाकर हाय, वांग्याचं कालवान हाय, डाव्या हाताला ठेवलाय डबा, गिळा की आता!”

कोंबडीला डावा हात नसतो. आणि तांबडी तर आम्ही यायच्या आधीच खुराड्यात जाऊन बसली होती. अंगणात कुणीच नव्हतं.

मावशी दम लागून पायरीवर बसली. दोन्ही हात कमरेला लावून बराच वेळ चाचपत राहिली.

“गेली औंदाची लावनी,” ती म्हणाली. आता पुरं तोंड उघडून म्हणाली, झाकायला काही उरलंच नव्हतं.

मी पुन्हा डॉक्टरचं सांगायला लागलो, की हवा वगैरे काही नसतं, बोलण्यानं काही जात नाही. तिनं माझं मनगट धरलं आणि गप्प केलं. तिचा कान भिंतीकडं होता. पलीकडं डब्याचं झाकण वाजलं.

“माजं काय न्हाई,” मावशी हळू आवाजात म्हणाली, “पर ती जेवती का, तेवडं बघ.”