कवी अज्ञात असावा

देवासच्या प्रणव मोहित्यानं स्वतः गाणी लिहिली, स्वतः चाली लावल्या आणि तीन मित्र गोळा करून ढोलकी-गिटारचा लोकरॉक बँड काढला. इथवर त्याचं काही चुकलं नव्हतं. मग त्यानं धारच्या सरकारी लोकोत्सवासाठी अर्ज केला.

शिवणकाम करून वाढवणाऱ्या आईवर, उमाबाईंवर, त्याचं एक गाणं होतं. ते आईला पुढच्या रांगेत बसवून म्हणायचं आणि ‘हे माझ्या आईचं’ असं माइकवर सांगायचं, एवढीच पोराची हौस.

अर्ज तपासणारे विक्रमसिंह साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, “भिया, कवीच्या जागी तुमचं नाव?”

“मीच लिहिलंय ना!”

“दिक्कत हीच तर आहे. नियम चौदा : लोकगीताचा कवी अज्ञात असावा. तुम्ही तर समोर बसून चहा पिताय!”

“मग काय करू?”

“शपथपत्र द्या, कवी कोण मला ठाऊक नाही म्हणून. आणि परंपरेला एक बुजुर्ग साक्षीदार.”

प्रणवनं सही ठोकली. साक्षीला मराठी समाजाचे बापूसाहेब धावून आले. “अमझेऱ्यास आमच्या आजोळी बायका दळताना हेच म्हणत असत,” असं सांगून त्यांनी डोळेही पुसले. गाण्यात मोबाइलचा रिचार्ज संपत होता. साहेब म्हणाले, “पूर्वीही काही ना काही संपतच असेल.”

धारला निवेदिकेनं गाणं तीनशे वर्षं जुनं ठरवलं. मंचावर स्वतःहून बोलायला मनाई होती. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेत उमाबाईंचा चेहरा मात्र पडला.

“अरे, सांग ना त्यांना, माझ्यावर लिहिलंयस म्हणून!”

“सही केलीय गं, आई.” त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या वर्षी तेच गाणं पाच बँडांनी म्हटलं. प्रणवचा अर्ज मात्र तज्ज्ञ समितीनं फेटाळला. शेरा होता : ‘गायकास गीताचा मूळ भाव उमगलेला नाही.’ आता बोला!

हल्ली ते गाणं प्रत्येक वरातीत वाजतं. तुम्हीही नाचला असालच, घामाघूम होईस्तोवर. कोणाचं गाणं, विचारलंत कधी? नाही ना? मग पोराचा स्टॅम्पपेपर उगाच वाया गेला. कवी कोण ते ठाऊक नसायला तुम्ही होतात की!