डोंगर पकडण्याचे शास्त्र

कोणतंही युद्ध रणांगणावर जिंकण्याआधी खुर्चीत बसून जिंकावं लागतं, आणि खुर्ची रिकामी नसेल तर पलंगावर आडवं पडून. हे सत्य जगाला फार उशिरा कळलं. आमच्या वाटूरला मात्र ते वेळेत कळलं, याचं सगळं श्रेय राधेश्याम सरांना जातं.

सरांचा आधी स्कॉलरशिपचा क्लास होता. मुलं गणितात नापास होऊ लागली तेव्हा सरांनी दूरदृष्टीनं गणितच बंद केलं, आणि खताच्या दुकानावरच्या त्याच खोलीत 'रणनीती अकादमी' उघडली. मोबाइलवरच्या ऐतिहासिक लढायांच्या खेळात सैन्य कसं मांडावं, हे तिथं शास्त्रशुद्ध शिकवलं जातं. (फळ्यावरचा लसावि अजून पुरता पुसला गेलेला नाही. त्याला आता नदी समजतात.)

अभ्यासक्रम भारदस्त आहे. पहिला धडा बगल मारण्याचा, म्हणजे समोरून न जाता बाजूनं घुसायचं. याचा सराव विद्यार्थी वाटूर फाट्यावर एसटीत चढताना करतात. म्हातारी माणसं दारात अडकलेली असतात तेवढ्यात हे खिडकीतून आत. दुसरा धडा खोटी माघार. यात माझा भाऊ सोहेब याचा हात कुणी धरणार नाही. अम्मी म्हणते, "सोहेब, गिरनी को जा रे, जल्दी." तो दळणाची पिशवी उचलतो, दारापर्यंत नेतो, चौकटीला टेकवतो आणि इतिहासात नाहीसा होतो. (दळण शेवटी मी आणते.) तिसरा धडा सर्वांत महत्त्वाचा: डोंगर पकडणे. जो उंचावर तो जिंकतो, असं सर सांगतात. वाटूरात उंच अशी एकच जागा, पाण्याची टाकी. तिच्यावर चढलेल्या एका विद्यार्थ्याला गावकऱ्यांनी काठ्या दाखवून खाली उतरवलं. त्या घटनेला अकादमीत 'वाटूरचा तह' म्हणतात.

एका पाहणीनुसार (पाहणी माझी, बसल्या बसल्या केलेली) दहापैकी नऊ सेनापतींना आपलं जेवलेलं ताट पुढं कुठं जातं हे माहीत नाही. दहाव्याला वाटतं, ताटं रोज नवी येतात.

अकादमी पुरोगामी असल्यामुळे मुलींनाही प्रवेश आहे. मी नाव घातलं तेव्हा सर म्हणाले, "ये ना बेटा, रसद विभाग रिकामाच आहे." खेळातल्या सैन्याला धान्य लागतं, चारा लागतो, पाणी लागतं, आणि त्यात तलवार नसल्यामुळे ते काम मुलींच्या प्रकृतीला मानवतं. मुलं घोडे उडवायची, मी मागून बैलगाड्या हाकायची. खेळाच्या बाहेर रसद विभागाकडं चहा, पाण्याचा जार आणि चार्जर एवढीच खाती होती.

मग जालन्याला जिल्ह्याची स्पर्धा जाहीर झाली. एका संघाला एकच सेनापती. तो मला व्हायचं होतं, आणि मी तसं भर वर्गात सांगितलं.

भुजंग, अकादमीचा अजिंक्य विद्यार्थी, इतका हसला की खुर्चीवरून पडायचाच राहिला. "तू? मंग घोड्यायला चहा पाजशील का?"

"पाजीन की. तू बी रांगेत उभा राह्य."

सरांनी निवडीची लढाई लावली, मनोरंजन म्हणून.

भुजंगनं शास्त्राप्रमाणे पहिल्याच झटक्यात डोंगर पकडला. सगळं सैन्य वर, हत्तींसकट. वर्गात टाळ्या पडल्या. मी वर गेलेच नाही. पायथ्याला एक विहीर होती आणि वर जायला एकच गाडीवाट. विहिरीवर भालेवाले उभे केले, वाटेवर घोडदळ, आणि हाताची घडी घालून बसले.

"ये ना वर! भ्याली का?"

"न्हाई रे. तुझं चालू दे."

थोड्या वेळानं त्याच्या पडद्यावर लाल अक्षरं आली: धान्य संपले. पुढं त्याच्या घोडदळाचं पायदळ झालं. (घोड्यांचं काय झालं, ते विचारू नये.) शेवटी हत्ती एकेक करून डोंगर उतरले आणि माझ्या चाऱ्याला लागले.

"सर, ही काय लढाई हाय का? ती समोरच येऊन राह्यली न्हाई!"

"समोर कशाला येऊ? तुझे हत्तीच इकडं येऊन राह्यले ना."

सोहेब फिसकन हसला. मग आपण अकादमीचे विद्यार्थी आहोत हे आठवून गप्प झाला.

सरांनी चष्मा पुसला आणि निकाल दिला. दोन्ही सैन्यं भिडली नाहीत, म्हणजे लढाई झाली नाही. लढाई झाली नाही, म्हणजे भुजंग हरला नाही. जो हरला नाही तो अजिंक्य, आणि जो अजिंक्य तोच सेनापती. (लसाविसुद्धा सर असाच काढायचे.) मला उत्तेजनार्थ म्हणून रसद विभागातर्फे जालन्याला न्यायचं ठरलं.

"मी न्हाई येणार, सर."

"असं माघार घेऊ न्हाई बेटा. का खोटी माघार हाय ही?" सर कौतुकानं म्हणाले.

"न्हाई सर. बिलकुल खरी."

सेना जालन्याला गेली. जाताना एसटीत सगळ्यांनी मिळून भुजंगच्या मोबाइलवर रणनीतीचे व्हिडिओ बघितले. स्पर्धेत भुजंगनं पहिल्याच झटक्यात डोंगर पकडला, आणि मोबाइल बंद पडला. चार्जर वाटूरला होता. तो रसद विभागाचा विषय असल्यामुळे कोणत्याही योद्ध्यानं त्याला हात लावला नव्हता. अकादमीच्या भिंतीवर आता 'जालन्याची सन्माननीय माघार' अशी पाटी आहे आणि तिच्याखाली भुजंगचा फोटो, हार घातलेला. (जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, हे सांगणारं तिथं कुणी उरलेलं नाही.)

मोठ्या संस्था पराभवातून शिकतात. अकादमीनं रसद हा स्वतंत्र विषय केला. शिकवतो भुजंग. प्रात्यक्षिकाला चहा लागतो, तो घेऊन ये, असा मला सोहेबच्या हाती निरोप आला. मी पुढच्या स्पर्धेला माझं नाव माझं मीच दिलंय. संघाचं नाव: रसद विभाग. निरोप घेऊन आलेल्या सोहेबला अम्मीनं आधी गिरणीत पाठवलं. पिशवी या वेळी दारात सापडली नाही, असं ऐकते.

तुम्ही इथवर वाचलंत, भुजंगला हसलात, बरं वाटलं. हाताशी चहा असेलच. संपला असेल तर आता तुम्ही मान वर न करता कप जरासा पुढं सरकवाल आणि म्हणाल, "अजून अर्धा."

म्हणा की. डोंगर तुमचाच आहे. फक्त विहीर खाली आहे.